खेडा संघ : दोन वेळच्या हिशोबावर उभी राहिलेली संस्था

1945 साली मुंबई सरकारने शहराला लागणारे दूध गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यातून आणायचे ठरवले. आणंद ते मुंबई हे रेल्वेचे अंतर सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. एवढ्या वाटेवर दूध नासू द्यायचे नसेल तर ते आधी तापवून, थंड करूनच गाडीत चढवायला हवे, आणि ती यंत्रसामग्री आणंदमध्ये होती पोल्सन डेअरीकडे. पेस्तनजी एडलजी यांचे पोल्सनचे लोणी तेव्हा घराघरांत पोहोचले होते. सरकारने करार पोल्सनशी केला. पोल्सनने गावोगावचे ठेकेदार नेमले. सरकार आणि पोल्सन यांच्यात दर ठरला, पोल्सन आणि ठेकेदार यांच्यात दर ठरला. म्हैस ज्याच्या दारात उभी होती त्याला काय मिळावे, हे ठरवायला मात्र कोणी बसले नाही.

आज आपल्याकडच्या कोणत्याही दूध संघाची घटना उघडून पाहिली, तर गावची प्राथमिक संस्था, तिच्यावर जिल्ह्याचा संघ आणि संघाच्या वर राज्याचा महासंघ, ही जी रचना दिसते, ती या अन्यायातून जन्माला आली. म्हणून सहकारी दूध व्यवसायाचे बळ कशात आहे आणि तो कुठे दुबळा पडतो, हे समजून घ्यायचे तर खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाचाच इतिहास वाचावा लागतो. हा इतिहास यशाचा आहे यात शंका नाही. पण तो नुसत्या यशाचा म्हणून वाचला, तर त्यातला आपल्या कामाचा भाग हातातून निसटतो.

खेड्याचे शेतकरी गाऱ्हाणे घेऊन सरदार पटेलांकडे गेले. सरदार याच जिल्ह्याचे. त्यांचा सल्ला सरळ होता: ठेकेदार बदलून मागू नका, ठेकेदारच नको म्हणा, स्वतःची संस्था काढा, दूध स्वतः गोळा करा, स्वतः तापवा, स्वतः विका. त्यांनी मोरारजी देसाईंना आणंद भागात पाठवले आणि 4 जानेवारी 1946 रोजी समरखा गावी सभा झाली. गावोगाव संस्था काढायच्या, त्यांचा जिल्ह्याचा संघ करायचा आणि सरकारने दूध संघाकडूनच घ्यायचे, असे ठरले. सरकार कबूल झाले नाही. तेव्हा शेतकऱ्यांनी पंधरा दिवस एक थेंबही दूध घातले नाही.

हा संप किती अवघड होता हे ज्याच्या दारात जनावर आहे त्यालाच कळेल. कापूस भाव येईपर्यंत कोठीत ठेवता येतो. दुधाचे तसे नाही. म्हशीची धार सकाळ-संध्याकाळ काढावीच लागते, आणि काढलेले दूध दुपारपर्यंत विकले गेले नाही तर वाया जाते. दूध उत्पादकाचे सगळे दुबळेपण या एका गोष्टीत आहे. व्यापारी नेहमी याच गोष्टीचा फायदा घेत आला. समरख्यानंतरच्या त्या पंधरवड्यात खेड्याने हे दुबळेपण स्वतःच्या अंगावर घेतले, तोटा सोसला, आणि मुंबईत दुधाची टंचाई झाली. मुंबईचे दूध आयुक्त आणंदला आले आणि मागणी मान्य झाली.

14 डिसेंबर 1946 रोजी संघाची नोंदणी झाली. खेडा तेव्हा मुंबई इलाख्यात होता, त्यामुळे ही नोंदणी 1925 च्या मुंबई सहकारी संस्था कायद्याखालची. पुढे 1960 साली महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले आणि दोन्हीकडचे सहकार कायदेही वेगळे झाले, पण मूळ एकच. अध्यक्ष झाले त्रिभुवनदास पटेल. स्वातंत्र्यचळवळीत तुरुंगवास भोगलेला हा काँग्रेसचा कार्यकर्ता गाव पायी तुडवीत सभासद जोडत गेला. जून 1948 मध्ये संघाने मुंबईच्या दूध योजनेसाठी दूध तापवून पाठवायला सुरुवात केली, तेव्हा संस्था होत्या दोन आणि दिवसाचे दूध साधारण अडीचशे लिटर. आज एखाद्या मध्यम गावाची एकटी संस्था यापेक्षा जास्त दूध घालते.

मे 1949 मध्ये वर्गीस कुरियन हा केरळचा तरुण अभियंता आणंदला आला. सरकारी शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आलेला, त्या शिष्यवृत्तीच्या बंधनामुळे सरकारी क्रीमरीत नोकरीला बसवलेला आणि तिथून कधी सुटतो असे झालेला. संघाची जुनी यंत्रे सारखी बिघडत. त्रिभुवनदास त्याला दुरुस्तीला बोलावत. यंत्रे दुरुस्त करण्यापेक्षा नवी घ्या, असे त्याने सांगितले. त्रिभुवनदासांनी पैसे उभे केले आणि नवी यंत्रे बसेपर्यंत थांब, अशी गळ घातली. तो थांबला तो कायमचा.

पुढच्या वीस वर्षांत या दोघांनी काय केले, याबद्दल खूप लिहिले गेले आहे. एक गोष्ट मात्र पुरेशी सांगितली जात नाही, आणि माझ्या मते सगळ्या इतिहासातली तीच सर्वांत मोलाची आहे. त्रिभुवनदास राजकारणी होते. पुढे राज्यसभेवरही गेले. पण संघाच्या रोजच्या कारभारात, नोकरभरतीत, खरेदीत त्यांनी व्यवस्थापक कुरियन यांच्या कामात हात घातला नाही. व्यवस्थापकानेही दर, बोनस, नवी संस्था, नवा कारखाना यांवरचा शेवटचा शब्द निवडून आलेल्या संचालकांचाच मानला. दूध संघ राजकारणामुळे बुडतात असे आपण सर्रास म्हणतो. खेड्यात राजकारणी माणूसच अध्यक्ष होता. व्यवस्थापकाशी नाते कसे असावे याची शिस्त त्याने स्वतःला लावून घेतली होती.

संघापुढचा पहिला मोठा पेच बाजाराचा नव्हता, हंगामाचा होता. हिवाळ्यात म्हशी व्यालेल्या असतात. दूध उन्हाळ्याच्या दुप्पट-अडीचपट निघते. मुंबईची गरज मात्र बाराही महिने तेवढीच. पुष्टकाळातले जादा दूध मुंबईची योजना घेईना. व्यापारी असता तर त्याने त्या दिवसांत खरेदी थांबवली असती किंवा दर पाडला असता. सभासदाचे दूध परत पाठवणे संघाला शक्य नव्हते. तसे करणारी संस्था सभासदाची राहतच नाही. तेव्हा जादा दुधाची भुकटी आणि लोणी करायचे ठरले. म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही, असे त्या काळचे परदेशी जाणकार सांगत होते, कारण त्यांच्याकडे म्हशी नव्हत्या. एच. एम. दलाया या संघाच्या दुग्धतज्ज्ञाने ती करून दाखवली. युनिसेफने यंत्रे दिली; त्या बदल्यात संघाने मुलांसाठी मोफत दूध पुरवायचे मान्य केले. न्यूझीलंडनेही मदत केली. 31 ऑक्टोबर 1955 रोजी, सरदारांच्या जयंतीच्या दिवशी, पंडित नेहरूंच्या हस्ते कारखाना सुरू झाला. अमूल हे नाव याच सुमाराचे.

सभासदाचे दूध नाकारता न येणे हा सहकारी संघाचा एकाच वेळी मोठा आधारही आहे आणि मोठे ओझेही. भुकटीचा जागतिक भाव कोसळला की खाजगी डेअरी दुसऱ्या दिवशी दर उतरवते, संकलन आखडते. संघाला दूध घ्यावेच लागते, भुकटीचे ढीग साठतात, व्याज चढत जाते. म्हणून मंदीत संघाचा ताळेबंद खाजगी डेअरीपेक्षा वाईट दिसतो. पण 2020 च्या टाळेबंदीत हॉटेले, चहाच्या टपऱ्या, मिठाईची दुकाने बंद पडली, शहरातली मागणी आटली, तेव्हा अमूलच्या संघांनी संकलन बंद केले नाही, उलट रोजच्यापेक्षा जास्त दूध उचलले. त्या महिन्यांत कोणाचा टेम्पो गावात येत राहिला आणि कोणाचा आला नाही, हे ज्यांनी पाहिले त्यांना ताळेबंदाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

आता गावातल्या संस्थेत जाऊ, कारण संघाचा पाया तिथे आहे.

पहाटे पाच-साडेपाचला संस्थेचे दार उघडते. बायका, पोरे, म्हातारी माणसे किटल्या घेऊन रांगेत. ज्याची एक म्हैस आहे तो आणि ज्याच्या गोठ्यात दहा आहेत तो, एकाच रांगेत; कोणत्या आळीचा, कोणत्या जातीचा, हे रांग विचारत नाही. दूध मापले की त्यातला थोडा नमुना छोट्या बाटलीत काढला जातो. जुन्या काळी या नमुन्यावर गर्बर पद्धतीने तपासणी होई: काचेच्या ब्यूटिरोमीटरमध्ये आधी गंधकाम्ल, मग दूध, मग थोडे अमाइल अल्कोहोल, बूच लावून हलवायचे, नळी हातात चटका बसेल इतकी तापायची, मग हाताने फिरवायच्या यंत्रात गरगर फिरवायची. नंतर नळीच्या मानेवर जो पिवळसर स्निग्धांश वर येतो तो रेघांवर वाचायचा. साडेसहा, सात, सव्वासात. आता फॅट मशिन आकडा काही सेकंदांत पडद्यावर दाखवते, स्निग्धांशाबरोबर एसएनएफ म्हणजे स्निग्धेतर घन घटकही कळतात, आणि पावती छापून येते. खेड्यात सकाळच्या दुधाचे पैसे संध्याकाळी आणि संध्याकाळच्या दुधाचे पैसे दुसऱ्या दिवशी सकाळी, अशी प्रथा बसवली गेली. उधारी नाही, पुढच्या महिन्याचा वायदा नाही.

या दोन वेळच्या हिशोबाने जे केले ते कोणत्याही भाषणाने झाले नसते. अंदाजाने दूध घेणाऱ्या गवळ्याला घट्ट आणि पातळ दूध एकच. तेव्हा पाणी घालणाऱ्याचे फावते आणि चांगली पेंड घालणाऱ्याचे नुकसान होते. फॅटवर दर सुरू झाला आणि पाणी घालण्यात अर्थ उरला नाही. हिशोब रोज डोळ्यांसमोर झाल्याने विश्वास बसला. विश्वासामुळे दूध वाढले, आणि दूध वाढले म्हणून कारखाना चालला. यातली एक कडी निखळली, सचिवाने फॅट कमी लावली किंवा काटा मारला, की सभासद काही बोलत नाही. तो हळूच अर्धे दूध खाजगी संकलकाकडे घालू लागतो. आपल्याकडच्या कितीतरी संस्था अशाच मिटल्या. आधी आटले ते गावातल्या संस्थेचे दूध, संघाच्या कारखान्याला कुलूप नंतर लागले.

दराबरोबर सेवा आल्या. कृत्रिम रेतन, फिरते पशुवैद्यक आणि रात्री-अपरात्री आजारी जनावरासाठी येणारी गाडी. 1964 मध्ये कंजारीला पशुखाद्याचा कारखाना झाला. त्याच्या उद्घाटनाला पंतप्रधान लालबहादूर शास्त्री आले ते आदल्या रात्री अजरपुरा गावात शेतकऱ्यांमध्ये मुक्कामाला राहिले. खेड्यात जे जमले ते देशभर व्हावे असे त्यांनी मनावर घेतले आणि 1965 मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ दिल्ली-मुंबईत न होता आणंदला स्थापन झाले. 1970 पासून ‘ऑपरेशन फ्लड’ सुरू झाले. युरोपाने मदत म्हणून दिलेली भुकटी आणि बटर ऑइल इथे विकून आलेल्या पैशातून गावोगाव संस्था आणि डेअऱ्या उभ्या करायच्या, अशी ती योजना होती.

या योजनेवर टीकाही झाली, आणि ती झटकून टाकण्यासारखी नव्हती. गोव्यात राहणारे क्लॉड अल्वारिस यांनी 1983 मध्ये ‘इलस्ट्रेटेड वीकली’त योजनेच्या दाव्यांवर कडाडून हल्ला चढवला. परदेशी भुकटीवरचे अवलंबित्व, संकरित जनावरांचा सोस आणि शहराकडे वाहून जाणारे दूध असे त्यांचे आक्षेप होते. सरकारने लक्ष्मीकांत झा यांच्या अध्यक्षतेखाली मूल्यमापन समिती नेमली. आज मागे वळून पाहता बाहेरच्या भुकटीवर देश कायमचा टेकून राहील ही भीती खरी ठरली नाही. 1998 च्या सुमारास भारत जगात सर्वाधिक दूध उत्पादन करणारा देश झाला. पण गावातले दूध शहराकडे जाताना गावातल्या लेकराच्या वाटीत काय उरते, हा प्रश्न त्या वेळी विचारला गेला हे चांगलेच झाले. तो आजही प्रत्येक संस्थेच्या सभेत विचारला जावा.

संघाच्या सभासदांनी या सगळ्याची आपल्या परीने नोंदही ठेवली. 1976 मध्ये श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ आला. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन तो काढला. पटकथा विजय तेंडुलकरांची. गावातल्या डेअरीत जात, सावकारी आणि सरपंचकी कशी शिरते हे त्यात उघडपणे दाखवले आहे. स्वतःच्या पैशाने काढलेल्या चित्रपटात स्वतःची दुखणी दाखवायला मोठे मन लागते.

1973 हे वर्ष महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत विचार करण्याजोगे. खेड्यापाठोपाठ मेहसाणा, साबरकांठा, बनासकांठा, बडोदा, सुरत असे संघ उभे राहिले होते. सगळे एकाच मुंबईत, एकाच अहमदाबादेत माल विकायला निघाले असते तर एकमेकांचे भाव पाडले असते. म्हणून गुजरात सहकारी दूध विपणन महासंघ काढला आणि खेडा संघाने आपला अमूल हा ब्रँड, स्वतः घडवलेला, स्वतःच्या नावावरचा, सगळ्या संघांसाठी वापरायला दिला. यापेक्षा मोठा सहकार मला दुसरा दिसत नाही. आज महासंघाशी 18 हजारांहून अधिक गावांतले सुमारे 36 लाख उत्पादक जोडलेले आहेत आणि 2023-24 मधली उलाढाल 59 हजार कोटींच्या पुढे गेली.

महाराष्ट्रात काय झाले? इथे सरकारने स्वतः दूध गोळा करून स्वतः विकण्याची वाट आधी धरली. आरेची वसाहत, वरळी-कुर्ल्याच्या डेअऱ्या ही त्याची खूण. आरे उभी करणारे दारा खुरोडी आणि खेड्याचे त्रिभुवनदास-कुरियन यांचे मुंबईच्या दुधावरून खटके उडत, तरी 1963 चा मॅगसेसे पुरस्कार तिघांना मिळून मिळाला, हेही नोंदवण्यासारखे. 1967 मध्ये राज्याचा दूध महासंघ झाला, महानंद हा ब्रँडही आला. पण जिल्हा संघांनी आपापली नावे सोडली नाहीत. कोल्हापूरचे गोकुळ, वारणा, पुण्याचे कात्रज: गुणवत्तेत कोणी कमी नाही, पण मुंबईच्या दुकानात ते एकमेकांशेजारी आणि अमूलसमोर उभे असतात. काही जिल्ह्यांत एका जिल्ह्याचे दोन-तीन संघ झाले, तालुक्या-तालुक्याचे झाले, आणि बरेच वेळा ते दुधाच्या गरजेतून झाले नाहीत, नेतृत्वाच्या भांडणातून झाले. 2024 मध्ये महानंदचे व्यवस्थापन राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाकडे द्यावे लागले. राज्यातल्या सहकाराच्या दृष्टीने ही खेदाची गोष्ट आहे, आणि तिची कारणे कोणा एका अध्यक्षात शोधून भागणार नाही.

खेड्याचे सारे आलबेल राहिले असेही नाही. व्यक्तीवर विसंबण्याची किंमत तिथेही मोजावी लागली. ज्या कुरियन यांनी तीन दशकांहून जास्त काळ महासंघ चालवला, त्यांना 2006 मध्ये जिल्हा संघांच्या अध्यक्षांशी झालेल्या मतभेदांतून अध्यक्षपद सोडावे लागले. वारस तयार करण्याचे काम लांबले की असेच होते. संस्था माणसापेक्षा मोठी आहे असे आपण म्हणतो, पण तशी व्यवस्था वेळेवर करत नाही. गेल्या दोन दशकांत गुजरातेतही संघांच्या निवडणुका पक्षांच्या ताकदीच्या निवडणुका होऊ लागल्या आहेत. जिथे रोज कोट्यवधींचा व्यवहार आहे आणि प्रत्येक गावात माणूस आहे, तिथे पक्षांची नजर जाणारच. निवडणूक लढवली जाणे हा रोग नव्हे. लढत दराच्या, बोनसच्या, तपासणीच्या प्रश्नावर न होता फक्त खुर्चीसाठी होते तेव्हा सभासदाने सावध व्हायला हवे. मालकी सातबाऱ्यासारखी कागदावर राहून चालत नाही. ती वापरली नाही तर दुसरा कोणी वापरतो.

मालकीचा दुसरा प्रश्न याहून जुना आहे. म्हशीला वैरण घालणारी, शेण काढणारी, धार काढणारी, किटली घेऊन पहाटे रांगेत उभी राहणारी बहुतेक घरी बाई असते. संस्थेच्या सभासद-नोंदवहीत मात्र बहुतेक वेळा नाव पुरुषाचे असते, सभेला तो जातो, मत तो देतो आणि दिवाळीचा दरफरकही त्याच्या खात्यावर जमा होतो. महिलांच्या स्वतंत्र दूध संस्था गुजरातेत आणि महाराष्ट्रात काढल्या गेल्या आणि त्यांतल्या बऱ्याच नेटाने चालल्या, पण त्या अजून थोड्या आहेत. सहकारी दूध व्यवसायाचा हा सर्वांत मोठा दोष मला वाटतो. जनावराला काय झाले, पशुखाद्याची गोणी कशी निघाली, डॉक्टर वेळेवर आला का, फॅट का घसरली, हे जिला रोज कळते, तिला ते सभेत बोलायचा अधिकारच नाही. संचालक मंडळाला मिळणारी माहिती त्यामुळे दुसऱ्या हातची असते.

खाजगी डेअऱ्यांशी स्पर्धा आता कायमची आहे. 1991 नंतर परवाना पद्धत सैल झाली आणि महाराष्ट्रात तर दुधाचा मोठा वाटा खाजगीकडे जातो. त्यांच्यातले काही चांगला दर देतात, पैसे वेळेवर देतात. ते नाकारण्यात अर्थ नाही. शेतकऱ्याने तिकडे दूध घातले म्हणून त्याला दोष देणेही बरोबर नाही. संघाकडे खाजगीकडे नसलेल्या दोनच गोष्टी आहेत: नफा सभासदाला परत जातो आणि दराचा निर्णय सभासदाने निवडलेल्या माणसांच्या हातात असतो. या दोन्ही गोष्टी प्रत्यक्षात घडत असतील तर संघ टिकतो. घडत नसतील तर ‘सहकार’ ही पाटी पाहून कोणी दूध घालत नाही.

सभासद बंधू-भगिनींनो, ही स्मरणिका हातात पडेल तेव्हा वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीसही आली असेल. सभेला या, अहवालातला संकलन, दर आणि दरफरकाचा तक्ता घरून वाचून या आणि आपल्या गावच्या तपासणीबद्दल प्रश्न विचारा. आणि तुमच्या घरी धार काढणारी जर आई, पत्नी किंवा सून असेल, तर संस्थेच्या सचिवाकडे अर्ज देऊन सभासदत्व तिच्या नावावर करून घ्या, म्हणजे पुढच्या सभेला ती मतदार म्हणून येईल.